खिम्याचा गोळा, भरड्याचा गोळा

साकोलीहून लाखांदुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सानगडी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास तेथील पडक्या किल्ल्यामुळे ठाऊक असेल. मला मात्र ते माझ्या काकूंच्या स्वयंपाकघरामुळे ठाऊक आहे, आणि ज्या दिवशी त्या स्वयंपाकघरात इटालियन घरगुती पद्धतीचे खिम्याचे गोळे करून दाखविण्याचा हट्ट मी धरला, त्या दिवसापासून किल्ला माझ्या स्मरणात मागे पडून ते गोळेच पुढे सरसावले आहेत. गोळे दगडासारखे झाले होते. काकूंनी त्यांतला एक सराट्याने दाबून पाहिला, तो दबत नाही असे पाहून दुसरा दाबला, आणि मग अत्यंत शांतपणे म्हणाल्या, “कायले एवढं तिंबलं बापू? पोळ्यायची कणीक थोडीच होय हे! आता बंदुकीतच भरा हे गोळे.”

काकूंचा हा टोला त्यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच खोलवर लागू पडणारा होता. अरबी भाषेत ‘बुंदुक’ म्हणजे एक वाटोळे कवचीचे फळ. त्याच्या आकारावरून तो शब्द मातीच्या वा धातूच्या गोळीस लागला, गोळीवरून ती फेकणाऱ्या हत्यारास लागला, आणि फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत ‘बंदूक’ होऊन बसला. त्याच शब्दाची दुसरी शाखा अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालात गेली आणि तेथे खिम्याच्या गोळ्यास ‘आल्बोंदिगा’, ‘आल्मोंदेगा’ म्हणू लागले. म्हणजे शिलेदाराच्या खांद्यावरील बंदूक आणि लिस्बनच्या गृहिणीच्या कढईतील गोळा हे शब्दसृष्टीतले सख्खे चुलतभाऊ होत. आपला ‘कोफ्ता’ निराळ्या घराण्यातला. तो ‘कुटणे’ या अर्थाच्या फारसी क्रियापदापासून निघाला, आणि त्यात आकाराऐवजी खलबत्त्याच्या श्रमाची स्मृती राहिली. मराठीने ‘गोळा’ हा एकच शब्द तोफेला, पोटशुळाला आणि भातातल्या पदार्थाला वापरून हा सारा प्रपंच आटोपता घेतला आहे.

महाराष्ट्राला मांसाचा गोळा परका आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण अवश्य पाहावे. इसवी सन 1130 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या राजग्रंथात कुटलेल्या मांसात मसाले घालून त्याचे लहान गोळे करणे, तेच सारण पोखरलेल्या वांग्यात भरणे, असे प्रकार ज्या निर्विकार तपशिलाने सांगितले आहेत, त्याच तपशिलाने उडदाच्या इड्डरिकाही सांगितल्या आहेत. राजाला सामिष आणि निरामिष यांत पंक्तिभेद करावासा वाटला नाही. पुढे तंजावरास सरफोजी राजांच्या अमदानीत (1798 ते 1832) मुदपाकखान्यातील कृती मोडी लिपीत उतरवून ठेवण्यात आल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने परिचित असलेल्या त्या संग्रहात साहेबी पद्धतीच्या पदार्थांनाही जागा आहे. यावरून विलायती पाककृती मराठीत आणण्याचा माझा उद्योग अगदीच बिनशिरस्त्याचा नव्हता, एवढे तरी मी काकूंपुढे मांडू शकलो असतो. परंतु समोर दगड झालेले गोळे असताना पुराव्याचे कागद कोण ऐकून घेणार!

आता खुद्द इटलीकडे वळू. तेथे या गोळ्यांस ‘पोल्पेत्ते’ म्हणतात. ज्या पेल्लेग्रिनो आर्तुसीने 1891 साली फ्लॉरेन्सहून आपले पाकशास्त्र स्वखर्चाने प्रसिद्ध केले, आणि ज्याचे पुस्तक इटालियन मध्यमवर्गाच्या घरोघरी जाऊन बसले, तो गृहस्थ पोल्पेत्त्यांपाशी आल्यावर जवळजवळ क्षमा मागतो. हा पदार्थ कोणालाही येतो, तो शिकविण्याचा आव आपण आणीत नाही, असा त्याचा सूर आहे. आणि तो जी कृती देतो ती ताज्या मांसाची नसून आदल्या दिवशीच्या उकडलेल्या, उरलेल्या मांसाची आहे. येथेच या पदार्थाचे मर्म आहे. मांस थोडे, खाणारी तोंडे पुष्कळ आणि घरात शिळा पाव शिल्लक, या त्रांगड्यातून गृहिणीने काढलेली ही तोड होय. आज जगभर जे शेवयांच्या ढिगावर बसविलेले थोराड गोळे इटालियन म्हणून खपतात, ते वस्तुतः अमेरिकेत गेलेल्या इटालियनांचे अपत्य. 1880 ते 1920 या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लक्ष इटालियन, बहुतांशी दक्षिणेकडचे, अमेरिकेत उतरले. मायदेशी जे मांस सणासुदीला दिसे ते तेथे रोजच्या मजुरीत परवडू लागले, आणि गोळा फुगला. इटलीत मात्र गोळे लहान असतात आणि पास्ता आटोपल्यावर निराळ्या ताटलीत येतात. तेरामो प्रांतात शेवयांबरोबर गोळे वाढतात खरे, पण ते हरभऱ्याएवढे.

आमच्या या मुलुखात ही काटकसर मांसाच्या वाट्याला न येता डाळीच्या वाट्याला आली. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाळी घालून, पाटांची वहिवाट बांधून येथील पाणी अडविले. पुढे इंग्रजी बंदोबस्तात हे तलाव मालगुजारांच्या नावे लागले, 1951 साली मालगुजारी गेली, आणि तेव्हापासून त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक सरकारी नाव पडले, ज्यातील पहिल्या दोन शब्दांची आद्याक्षरे उचलून लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले. (दप्तरी भाषेचा इतका गोड सूड मी अन्यत्र पाहिलेला नाही.) जेथे पाणी तेथे भात, आणि जेथे नुसता भात तेथे त्याला आधार देणारी डाळ शोधणे प्राप्तच. उभ्या धानाच्या ओल्या बांधीतच लाखोरी फेकून ‘उतेरा’ पीक घेण्याची येथली जुनी रीत. या लाखोरीचे वडे, आमटी, गोळे सारे होते. दुष्काळात तीच एक खाऊन राहिलेल्यांचे पाय लुळे पडतात, हा विकार आयुर्वेदास ‘कलायखंज’ म्हणून ठाऊक होता, आणि त्याच भयाने 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. परंतु डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचे, हे ज्ञान घराघरांत होते आणि बंदीनेही ते पुसले गेले नाही.

काकूंचा गोळाभात मात्र हरभऱ्याच्या डाळीचा. डाळ जात्यावर जाडसर भरडायची. पीठ नव्हे, भरडा. त्यात हळद, तिखट, मीठ, जिरे, हिंग, आणि कढत तेलाचे मोहन. ते बोटांनी चोळले की प्रत्येक कणीला तेल लागते. मग पाण्याचा हबका मारून, मुठीत येईल एवढेच दाबून गोळे करायचे, आणि गंजातला भात अर्धाकच्चा असताना त्याच्या पोटात पुरून वर झाकण ठेवायचे. भात आणि गोळे एकाच वाफेवर शिजतात. ताटात आल्यावर गोळा भातात कुस्करायचा आणि वर मोहरी-लाल मिरचीच्या फोडणीचे तेल ओतायचे. हे करताना काकूंनी गोळा कधी तिंबला नाही, कारण भरड्याची कणी मोकळी राहिली नाही तर गोळा कुस्करणार कसा?

माझ्या खिम्याची चूक नेमकी हीच होती. मांसात मीठ घालून ते मळत राहिले की त्यातील प्रथिने सुटून एकमेकांत गुंततात; आच लागताच ती जाळी आवळली जाते आणि आतला रस पिळून बाहेर टाकते. इटालियन गृहिणी दुधात भिजविलेला पाव घालते तो केवळ पुरवठ्यासाठी नव्हे. पावातील पिष्ट त्या धाग्यांच्या मध्ये बसून त्यांना एकजीव होऊ देत नाही आणि रस धरून ठेवते. भरड्यात जे काम मोहन करते, तेच खिम्यात पाव करतो. मी पाव घातला होता, पण मळून मळून त्याचा उपयोग धुळीस मिळविला होता. शिवाय बोकडाचा खिमा निव्वळ लाल, चरबीचा अंश नाही.

दुसऱ्या आदितवारी अर्धा किलो खिमा चरबीसकट कुटून आणविला. साकोलीच्या बेकरीतला आदल्या दिवशीचा पाव, शंभर ग्रॅमभर, कडा काढून दुधात भिजवला व पिळला. एक अंडे, लसणाच्या तीन पाकळ्या, अजमोद्याच्या पाल्याऐवजी सांभार (म्हणजे कोथिंबीर), जायफळ, मीठ आणि खारट मुरलेल्या चीजऐवजी डबाबंद चीज, तेही किसून. मिसळण्याचे काम या वेळी काकूंनी आपल्याकडे घेतले. त्यांनी भरड्यासारखेच बोटे पसरून खिमा वरखाली केला, हात ओला करून वीस गोळे वळले, आणि एकही दाबला नाही. तेलावर दोन्ही अंगांनी तांबूस करून ते भेदरांच्या (म्हणजे टोमॅटोच्या) पातळ रश्शात सोडले, आणि रसरसून उकळी न येऊ देता मंद विस्तवावर पाऊण तास ठेवले.

ताटात मी पाव मांडला होता. काकूंनी तो बाजूला सारला, भात वाढून घेतला, गोळा अंगठ्याने फोडला. तो फुटला, आणि रस भातात उतरला. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, कोपऱ्यातली फोडणीची कढली जवळ ओढून मोहरी-मिरचीचे तेल त्यावर ओतले, आणि तिसऱ्या घासानंतर विचारले, “यात हिंग कायले नाही टाकला?”