घरातील रिव्हॉल्व्हर : निगा शस्त्राची आणि मनाची

हैदराबादेतील आबिड्सजवळच्या एका वस्तीला आजही 'गनफाउंड्री' असे नाव आहे. निजाम अली खान याच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. हाच रेमाँ १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर उभा होता. दख्खनला शस्त्रांचे अप्रूप असे जुनेच. खंडेनवमीला आपण वैद्यकमंडळी स्टेथोस्कोप आणि शस्त्रक्रियेची उपकरणे पूजतो. पण काही घरांत त्यांच्याशेजारी वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हरही मांडले जाते. अशा शस्त्राच्या मालकीचा आणि निगेचा विचार डॉक्टरांच्या दृष्टीने करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

रिव्हॉल्व्हरचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'सिंगल-अ‍ॅक्शन'. कोल्ट कंपनीचे १८७३ चे रिव्हॉल्व्हर हा त्याचा आदर्श नमुना. यात प्रत्येक गोळीसाठी मागील घोडा अंगठ्याने ओढावा लागतो. घोडा ओढताच सिलिंडर एक घर फिरतो, आणि चाप केवळ तो घोडा सोडण्याचे काम करतो. जुन्या रचनेत घोड्याची टोकदार सुई थेट काडतुसावर टेकलेली असे. शस्त्र हातून पडले तरी बार उडण्याचा धोका असल्याने जाणकार सहापैकी पाचच घरे भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवीत. पुढे १९७३ मध्ये रूगर कंपनीने मध्ये एक पट्टी बसवून हा धोका दूर केला. चाप पूर्ण ओढल्याखेरीज आघात काडतुसापर्यंत पोहोचतच नाही.

अमेरिकेत निष्णात कारागीर अशा रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, नळी आणि मूठ मालकाच्या मागणीनुसार नव्याने घडवून देतात. आपल्याकडे ही हौस सहज पुरविता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची निर्मितीच नव्हे, तर दुरुस्ती व रूपांतर यांच्या व्यवसायालाही परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठीही स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. तेव्हा बिघाड झाल्यास परवानाधारक कारागिराकडेच जावे.

मालकाच्या हाती उरते ती स्वच्छता. प्रथम शस्त्र रिकामे करावे, प्रत्येक घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये आस काढली की सिलिंडर बाजूला निघतो. नळी बहुधा तोंडाकडूनच साफ करावी लागते. त्यामुळे सळई तोंडाच्या कडेवर घासू देऊ नये, कारण ती कड झिजली तर नेम बिघडतो. तेल बेताचेच असावे. जादा तेल धूळ धरते आणि काडतुसात झिरपले तर ते निकामी करते. पावसाळ्यात शस्त्र चामडी म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पोलादावर गंज चढतो. नळीत शिशाचे कण असतात, म्हणून सफाई हवेशीर जागी करून हात साबणाने धुवावेत. सरावाच्या वेळी कानांचे संरक्षण अनिवार्य आहे. बाराच्या आवाजाने आलेले बहिरेपण परत फिरत नाही.

आता आपल्या खऱ्या चिंतेचा विषय. आत्महत्येचा विचार अनेकदा अल्पकाळ टिकणाऱ्या आवेगाचा असतो. तो काळ निभावला, तर बहुसंख्य माणसे वाचतात. परंतु बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी आठ-नऊ प्राणघातक ठरतात. दुसरी संधी मिळतच नाही. नैराश्य, मद्यासक्ती किंवा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाच्या घरी शस्त्र आहे का, हा प्रश्न आपण रक्तदाबाइतक्याच सहजतेने विचारला पाहिजे. तो विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. उलट, शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवण्याचा मार्ग त्यातून निघतो. परवान्यासाठी शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे प्रमाणपत्र देताना तर आपली सही ही केवळ औपचारिकता नसते. परिचित कुटुंबाला नकार देणे अवघड असते, हे खरे. पण त्या नकाराने वाचणारा जीव बहुधा त्याच कुटुंबातील असतो.

कायद्याने वारसांसाठीही वाट ठेवली आहे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. तसेच परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले, तर हयातीतही ते वारसाकडे सोपविता येते. परवाना नसताना ते कपाटात ठेवणे मात्र गुन्हा आहे. ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा सामान्यतः तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करणेही दंडनीय ठरविले.

येत्या खंडेनवमीला पूजेपूर्वी एवढे करावे : परवान्याची मुदत पाहावी, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी, किल्ली कोणाच्या हाती आहे हे तपासावे. आणि घरातील कोणाचे मन अस्वस्थ असेल, तर यंदा पूजा केवळ स्टेथोस्कोपची करून रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करावे.