कोपरातला तोट्याचा सौदा

५ किलोग्रॅमची पिशवी तळहातावर तोलून कोपर काटकोनात वाकवा. दंडातील स्नायू किती ओढ लावत असेल? पाच किलोग्रॅम-भार? छे! कोपराचा सांधा हा टेकू. स्नायूची कंडरा तिथून जेमतेम ५ सेंटीमीटरवर हाडाला चिकटलेली, पिशवी मात्र ३५ सेंटीमीटरवर. म्हणजे ओढ सातपट, ३५ किलोग्रॅम-भार! हाताचे स्वतःचे वजन आपण धरलेच नाही. शिवाय सांध्यातील गुळगुळीत कूर्चेवर ३० किलोग्रॅम-भाराचा दाब पडतो, तो वेगळाच.

मग निसर्गाने असा सौदा का केला? स्नायू फार आखडू शकत नाही. पण तो १ सेंटीमीटर आखडला की तळहात सुमारे ७ सेंटीमीटर वर येतो, तेवढ्याच वेळात! घास चटकन तोंडाशी जातो तो यामुळेच.

आता पिशवी कोपर व मनगट यांच्या मध्यावर अडकवा आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपून पाहा.