सामंताच्या गावातलं कोर्ट

मराठी रंगभूमीवरच्या कोर्टांचा आढावा घ्यायचा तर 'तो मी नव्हेच'ला पहिला मान द्यावाच लागतो. १९६२ साली दिल्लीत पहिला प्रयोग झाला. अत्र्यांनी निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे पिंजऱ्यात उभा केला, पणशीकरांनी एका रात्रीत पाच सोंगं वठवली आणि फिरत्या रंगमंचाने प्रेक्षकाला कोर्टातून घरात, घरातून कोर्टात फिरवून आणलं. त्यानंतर शेवटच्या पाच मिनिटांत खरा खुनी दाखवणारी बरीच कोर्टनाटकं आली. त्यांत रमण्यासारखं मला फारसं सापडलं नाही.

माझा जीव अडकलाय तो 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये. तेंडुलकरांनी ते १९६३ साली लिहिलं. 'रंगायन'ने १९६७ साली ते उभं केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारे सुलभा देशपांड्यांची. हे नाटक शहरी आहे, बाहेरगावच्या प्रेक्षकाला झेपत नाही, असं म्हणणाऱ्या जाणकारांशी मी चाळीस वर्षं भांडतो आहे. अहो, ते घडतंच बाहेरगावी! मुंबईची हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात येतात. गावचा सामंत त्यांना हॉल उघडून देतो. कोर्ट कसं चालतं ते त्याला कळावं म्हणून खोटा खटला मांडतात आणि त्यात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. भोळ्या सामंताला साक्षीला उभं करतात, तर तो हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो. त्याच साक्षीने बाईंभोवतीचा फास आवळत जातो. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेलं कोर्ट शेवटी पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतं.

धाटावला आमच्या कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये एका दौऱ्यावरच्या मंडळींनी हे नाटक केलं, तेव्हा टेम्पोतून येताना पिंजऱ्याचा कठडा मोडला होता. आमच्या सुताराने कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तासाभरात नवा उभा केला. एका फळीवर वरची बाजू दाखवणारा काळा बाण राहिला होता. बेणारे पिंजऱ्यात उभी राहिली की तो बाण नेमका तिच्याकडे रोखलेला दिसायचा. खुर्च्या हॉलच्याच, पाठीवर वसाहतीचं नाव रंगवलेल्या. न्यायाधीश झालेले काशीकर त्यांतल्याच एकीवर बसून कान कोरत होते. दुसरी पाळी सुटल्यावर आलेली माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती.

बेणारे सुटून जायला दाराशी धावते आणि दाराला बाहेरून कडी लागलेली असते, तो क्षण आला. मागे उभ्या असलेल्यांपैकी एक जण निमूटपणे वळला आणि त्याने आमच्या हॉलचं दार सताड उघडून ठेवलं. कुणी हसलं नाही. नाटक संपेपर्यंत ते दार तसंच उघडं होतं. प्रेक्षकाला झेपणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

आता दौरे आटले. शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, पुणे झालं की हिशेब पुरा होतो. कोकणात निघालेली गाडी कोलाडवरून सरळ पुढे जाते. वाहनखर्च आणि तिकीटविक्रीचं गणित मला कळतं, पण या नाटकाला नेपथ्याचा ट्रक लागत नाही. दोन टेबलं, खुर्च्या आणि एक कठडा लागतो, आणि ते सगळं आमच्याकडे आहे. मंडळींनी कोलाडच्या नाक्यावर एकदा उजवीकडे, धाटावला वळावं. हॉल मी उघडून देईन.