एक शेपूट, तीन आवाज

इंग्रजी क्रियापदांच्या स्पेलिंगचा विज्ञानाच्या मासिकाशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ द्या. आधी एक प्रयोग करू. त्याला परीक्षानळी लागत नाही की तराजू.

दोन बोटे कंठमण्यावर हलकेच टेकवा आणि ‘स्स्स्’ असा लांब आवाज काढा. मग भुंग्यासारखा ‘झ्झ्झ्’ करा. दुसऱ्या वेळी बोटांना गुणगुण जाणवेल. जिभेची ठेवण दोन्ही वेळा जवळजवळ तीच; फरक पडला तो स्वरयंत्रातील स्वरतंतूंमुळे. ‘झ’ म्हणताना ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावत होते, ‘स’ म्हणताना स्वस्थ होते. आपल्या व्याकरणात कठोर आणि मृदु व्यंजने म्हणतात, त्यांच्यातील भेद मुख्यतः हाच.

आता इंग्रजीतील तीन क्रियापदे घ्या : वॉक, कॉल आणि वॉन्ट. भूतकाळ करण्यासाठी तिघांनाही ई-डी हे एकच शेपूट लागते. पण म्हणून पाहा. वॉक्ट, कॉल्ड, वॉन्टिड! लिहायला एक, ऐकायला तीन. ‘क’ला कंपन नाही, म्हणून त्यामागोमाग येणारा ‘ड’ही कंपन टाकून ‘ट’ होतो. ‘ल’ला कंपन आहे, तेथे ‘ड’ टिकतो. आणि शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असलाच, तर त्याला चिकटून दुसरा ‘ड’ ऐकूच येणार नाही. म्हणून मध्ये एक छोटासा स्वर येतो.

तुम्हाला हे अगदीच नवे नाही. वाक् आणि ईश मिळून वागीश, जगत् आणि ईश मिळून जगदीश. तेथेही शेजारच्या कंपनाची लागण होते. मात्र आपल्याकडे मागचा वर्ण पुढच्याप्रमाणे बदलतो, इंग्रजी ई-डीच्या बाबतीत पुढचा मागच्याप्रमाणे. शिवाय आपण बदललेला उच्चार तसाच लिहितो. इंग्रज लिहीत नाही.

हा नियम इंग्रजी मुलांना पाठ करून येत असेल काय? 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने याचा शोध घेतला. तिने चार ते सात वर्षांच्या मुलांना ‘रिक’ असे चक्क बनावट क्रियापद सांगितले आणि काल या माणसाने काय केले, असे विचारले. शब्द कधी ऐकलेला नसूनही बहुतेक मुले ‘रिक्ट’ म्हणाली! ‘मॉट’ या बनावट शब्दाला मात्र बरीच मुले अडखळली. स्वर घालायची तिसरी तऱ्हा उशिरा येते. म्हणजे मुले शब्दांची यादी नव्हे, नियमच उचलतात.

आता मेक्सिकोतील किंवा स्पेनमधील तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याचा विचार करा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि लिहिले तसे वाचायचे. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजने एकत्र जवळजवळ येतच नाहीत. तो ई-डी पाहतो आणि इमानाने ‘वॉकेड’ वाचतो. किंवा बोलताना शेवटचा ‘ट’ गिळून टाकतो. मग काल चाललो की रोज चालतो, हेच ऐकणाराला कळत नाही. वाक्यातला काळच नाहीसा होतो! त्याला ई-डीचे स्पेलिंग दहादा लिहायला लावून काय होणार? बोटे कंठावर ठेवायला सांगणे अधिक उपयोगाचे, असे मला वाटते.

पण स्पेलिंगच्या दुसऱ्या एका भागात हाच विद्यार्थी तुमच्यापेक्षा पुढे असतो. भौतिकीत आपण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकतो : रूप बदलले तरी ऊर्जा तितकीच राहते. स्पॅनिश क्रियापदांत उच्चाराची अशीच अक्षय्यता पाळतात. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे. यातील ‘क’ सी या अक्षराने लिहितात. ‘मी शोधले’ म्हणजे ‘बुस्के’. पण सीपुढे ई आला की सीचा ‘क’ राहत नाही. म्हणून सी काढून तेथे क्यू-यू लिहितात. अक्षर बदलले, ‘क’ वाचला.

इंग्रजीत ‘पॅनिक’ला आय-एन-जी लावताना नेमके हेच घडते. नुसते जोडले तर ‘पॅनिसिंग’ वाचले जाईल, म्हणून मध्ये एक के घालतात. ‘सिंज’ म्हणजे होरपळणे. त्याचा शेवटचा ई नेहमीसारखा गाळला, तर ‘सिंगिंग’ होऊन होरपळणारा गाऊ लागेल. म्हणून तेथे ई ठेवतात.

व्यंजन दुप्पट करण्याचा नियमही याच जातीचा. ‘हॉप’ म्हणजे लंगडी घालणे, ‘होप’ म्हणजे आशा करणे. ‘होप’मधील शेवटचा ई गाळून आय-एन-जी लावले की एका पीचे ‘होपिंग’ तयार होते. ‘हॉप’लाही एकच पी ठेवला तर दोन्ही शब्द सारखे दिसतील. म्हणून ‘हॉपिंग’ला दोन पी. गंमत अशी, की दुसऱ्या पीमुळे ‘प’चा उच्चार तसूभरही बदलत नाही. तो मागच्या स्वराचा राखणदार आहे. स्पॅनिश मुलगा येथे गोंधळतो, कारण त्याच्याकडे ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि दोन आर असलेले ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. तेथे जोडअक्षर स्वतःचाच आवाज बदलते.

दोन अवयवांच्या शब्दांत आघात पाहावा लागतो. ‘बिगिन’चा जोर शेवटी, म्हणून ‘बिगिनिंग’ला एन दोनदा. ‘ओपन’चा जोर आरंभी, म्हणून ‘ओपनिंग’ला एकदाच. स्पॅनिश कानाला हे सोपे जाते. त्यांच्या ‘आब्लो’त जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत आघाताने अर्थ असा पालटत नाही, त्यामुळे आपल्याला तो मुद्दाम ऐकावा लागतो. शब्द दोनतीनदा मोठ्याने म्हणा आणि कोठे जोर पडतो ते टिपा.

‘स्टडी’चा वाय ई-डीपूर्वी आय होतो, पण आय-एन-जीपूर्वी होत नाही, दोन आय शेजारी बसलेले इंग्रजीला सहसा खपत नाहीत. ‘प्ले’चा वाय स्वरामागे असल्याने हलतच नाही.

मग ‘ट्रॅव्हल’चे काय? त्याचा जोर पहिल्या अवयवावर, तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘ट्रॅव्हलिंग’ला दोन एल असतात. ही ब्रिटिश रीत, नियमाला सोडून. नोआ वेब्स्टर या अमेरिकन कोशकाराने एका एलचा पुरस्कार केला. त्याचा मोठा कोश 1828 साली निघाला. अमेरिकेत आजही एकच एल लिहितात. तेव्हा मेक्सिकोतील एखाद्या मुलाने एका एलचे ‘ट्रॅव्हलिंग’ लिहिले आणि तुम्ही दोन एलचे, तर गुण दोघांनाही मिळायला हवेत.