हौशी रेडिओसाठी घरगुती व तयार अँटेना

हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) केंद्रासाठी लागणारा अँटेना अर्थात आकाशक घरी बनवता येतो किंवा बाजारातून तयार विकत घेता येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येनुसार स्वयंप्रशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक अन्वेषण ही हौशी सेवेची उद्दिष्टे आहेत. त्यामुळे अँटेनाची घरगुती बांधणी या छंदाचा मान्य भाग ठरते. अँटेना कोणताही असला, तरी भारतात प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो.

घरगुती अँटेना

अर्धतरंग द्विध्रुव (डायपोल) हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्यात तांब्याच्या तारेचे दोन समान बाहू असून मध्यभागी केबल जोडतात. १४३ या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले असता एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाहू १० मीटर येतो. तार प्रथम थोडी लांब ठेवून, परावर्तित शक्ती मोजत दोन्ही टोके सारखी कापत जातात.

तयार अँटेना

तयार अँटेनात वेटोळी वापरून लांबी कमी करतात व एकाच अँटेनावर अनेक पट्टे मिळवतात. पुण्यासारख्या शहरातील सदनिकाधारकांना ही सोय उपयोगी पडते. मात्र लांबी फार घटवल्यास कार्यक्षमता आणि वापरता येणारी वारंवारतेची मर्यादा दोन्ही कमी होतात.

उदाहरण : बारामती ते इंदापूर

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या शहरांमध्ये सरळ रेषेत सुमारे ४८ किलोमीटर अंतर आहे. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुतांशी सरळ जातात. सपाट प्रदेशात दोन्ही टोकांचे अँटेना १० मीटर उंचीवर असल्यास रेडिओ क्षितिजाची मर्यादा सुमारे २६ किलोमीटर भरते. येथे महागड्या अँटेनापेक्षा उंची अधिक महत्त्वाची ठरते. ४८ किलोमीटरसाठी दोन्हीकडे सुमारे ३५ मीटर उंची लागेल.

७ मेगाहर्ट्‌झवर परिस्थिती उलट असते. १० मीटर किंवा त्याहून कमी उंचीवर बांधलेला द्विध्रुव बरीच ऊर्जा थेट वर पाठवतो. दिवसा ती आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात पसरते. उभा तयार अँटेना मुख्यतः क्षितिजाच्या दिशेने प्रक्षेपण करत असल्याने दूरच्या संपर्कास चांगला, पण या अंतरासाठी कमी उपयुक्त असतो. गावाकडे २० मीटर मोकळी जागा सहज मिळत असल्याने साधी तार येथे सरस ठरू शकते. आपत्तीत ती तुटली, तरी जागेवरच पुन्हा बांधता येते.

सुरक्षितता

तार विजेच्या वाहिन्यांच्या वरून किंवा जवळून नेऊ नये. ती तुटून वाहिनीवर पडल्यास मृत्यू ओढवू शकतो. खांबही आडवा झाला तरी वाहिनीस लागणार नाही इतका दूर असावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्यापूर्वीच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. घरगुती व तयार, दोन्ही अँटेनांना हे नियम सारखेच लागू आहेत.