मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकू

सिग्नल हिरवा होतो, तुम्ही क्लच सोडता आणि मागून शर्टाला गच्च मूठ बसते. मागचा माणूस हे ठरवून करत नाही. गाडी त्याच्याखालून पुढे पळते आणि त्याचं धड मात्र होतं तिथेच राहायचा हट्ट धरतं. शाळेत फळ्यावर पाहिलेलं जडत्व ते हेच!

हा हट्ट मोडायला किती जोर लागतो? समजा, ४ सेकंदांत गाडी शून्यावरून ताशी ३६ किलोमीटरवर आली. काही शर्यत नव्हे ही. पण ६० किलोच्या माणसाचं कमरेवरचं शरीर साधारण ४० किलो धरलं, तर ते सोबत न्यायला १० किलो वजनाएवढा रेटा हवा. तो देतात पोटाचे स्नायू आणि तुमच्या शर्टातली ती बोटं. दर सिग्नलला, दर गिअरला. लांबच्या प्रवासात चालवणाऱ्यापेक्षा मागचा जास्त का आंबतो, कळलं?

मग मागे एक टेकू लावावा, की स्नायूंचं काम लोखंड करील. मलाही इतकंच सोपं वाटलं होतं. माझ्या मॉडिफाय केलेल्या बुलेटला पहिला टेकू मी थेट मडगार्डवर बोल्ट मारून बसवला. पंधरा दिवसांत बोल्टच्या भोकापासून पत्र्याला केसासारखी चीर गेली.

१० किलोंनी पत्रा फाटतो? पहार आठवा. पाठ टेकते ती जागा बोल्टांपासून ४० सेंटिमीटर वर आणि दोन बोल्टांत अंतर जेमतेम ८. म्हणजे वरचे १० किलो खाली पन्नासाच्या घरात जातात! त्यात आपले खड्डे. एकदा वाकवून तार तुटत नाही, पण पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना? धातूही थकतो. म्हणून टेकू धरायचा तो गाडीच्या चासीला, मडगार्डला नव्हे.

आणि तो पोकळ पाइपचा का? कारण वाकताना खरा ताण बाहेरच्या कडेवर येतो, मधलं लोखंड जवळजवळ फुकट बसून खातं. बांबूला हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. पण पोकळ पाइप वाकवताना चिमटतो. यावर कारागिरांची जुनी युक्ती पाहून मी थक्कच झालो: पाइपमध्ये ठासून वाळू भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोकायची आणि तापवून वाकवायचं. वाळू दबत नाही, त्यामुळे पाइप गोलच राहतो. फक्त वाळू आधी कढईत खडखडीत भाजून घ्यायची. ओल राहिली तर तिची वाफ होते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं.

अमेरिकेत या टेकूला ‘सिसी बार’ म्हणतात. सिसी म्हणजे भित्रा! १९६९च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटात पीटर फोंडाच्या मागे जॅक निकोल्सन बसतो, तो अशाच एका उंच बारसमोर. फोंडाची ती चॉपर मोटारसायकल घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीयांचा हात होता, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. भित्रे कोण, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे मागे बसणाऱ्याची कल्पनाच वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हाताला पकड हवी, पायाला आधार हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं, असं लिहिलंय. त्या झाकणाच्या, म्हणजे ‘साडी गार्ड’च्या, बाजूला पाय सोडून एका अंगावर बसलेल्या बाईला टेकूचा उपयोग शून्य. तिची पाठ मागे नसतेच, रस्त्याकडे असते!

पॅडचं म्हणाल, तर ते कमरेच्या खोलगट भागात यावं. खाली टणक फोम, वर मऊ. नुसता मऊ घातला तर तासाभरात पाइप टोचतो.

दुसरा टेकू चासीला बसवला आणि बायकोला घेऊन निघालो. सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला, शर्टाला मूठ नाही. पोटात धस्स झालं. गाडी बाजूला घेऊन मागे पाहिलं, तर बाईसाहेब दोन्ही हातांनी संत्रं सोलत होत्या.