भाकरीची बुट्टी आणि सातारचे प्रतिसरकार

मांजरी म्हटले की आपल्याला आठवते ती ताजी भाजी, नाहीतर द्राक्षे. हडपसरच्या पुढचे हे गाव आता पुणे शहरातच आले आहे. याच मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली ती सुरू झाली तेव्हा डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट असे तिचे नाव होते. १ मार्च १९८९ रोजी दादा गेले, त्यानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. फाटकावरचे ते नाव वाचताना आपल्यासमोर उभे राहतात ते मुख्यमंत्री वसंतदादा, सहकारी साखर कारखान्यांचे वसंतदादा. पण मैत्रिणींनो, हाच माणूस पंचविशीत असताना तुरुंग फोडून पळाला होता, बरं का!

ती तारीख २४ जुलै १९४३. सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग. सांगली तेव्हा संस्थान होते. राजा आपला, पण राजाच्या डोक्यावर इंग्रज. वसंतदादा आणि त्यांचे सोबती पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून दिवसाढवळ्या बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळ्या चालल्या. अण्णासाहेब पत्रावळे कामी आले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. सुटले ते १९४६ साली.

हे सारे कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर करून टाकले. कुणाला विचारले नाही की पुसले नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने परस्पर कर्ज काढावे आणि फेडताना मात्र बाईचे दागिने आठवावेत, तसलाच प्रकार. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला. तिकडचा तांदूळ बंद झाला, रॉकेलची चणचण सुरू झाली. म्हणजे लढाई लागली होती हजार कोसांवर आणि चटका बसत होता तो आपल्या चुलीला.

त्यात सातारा जिल्हा म्हणजे शिपायांचा जिल्हा. (आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता, हे ध्यानात ठेवा.) इथली मुले मराठा पलटणीतून आफ्रिकेत आणि इटलीत लढत होती. एका घरी पलटणीतल्या मुलाची मनीऑर्डर यायची, तर शेजारच्या घरी भूमिगत मुलाला शोधायला पोलीस. आळी एकच. दोघांच्याही आया एकाच विहिरीवर पाणी भरायच्या.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना धरले. गांधीजींना ठेवले ते मांजरीहून नदीने थोडे वर, येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये. कस्तुरबा तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. पुढारी असे कुलपाआड गेल्यावर लोकांनी काय करायचे? साताऱ्यातल्या लोकांनी आधी मोर्चे काढले. तासगावचा मोर्चा ३ सप्टेंबरला, वडूजचा ९ ला, इस्लामपूरचा १० ला. वडूजला पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. निःशस्त्र माणसांवर असा गोळीबार झाल्यावर मग दुसरी वाट सुरू झाली.

ती वाट म्हणजे प्रतिसरकार. इंग्रजांचे सरकार नाकारून गावोगाव आपलेच सरकार. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे. कुंडलच्या बाजूला जी. डी. बापू लाड, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी. १९४३ पासून १९४६ पर्यंत, भोवती महायुद्ध पेटलेले असताना, हे सरकार चालले. त्याची तुफान सेना होती. तिने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवून तो ताब्यात घेतला. १४ एप्रिल १९४४ ला तर थेट धुळ्याकडे चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा!

पण मला विचाराल तर लुटीपेक्षा त्यांची न्यायमंडळे अधिक मोलाची. बांधाचे भांडण, सावकाराचा जाच, दारूचा गुत्ता, टाकून दिलेल्या बायकोची तक्रार, सगळे तिथे जाई. कोर्टाची पायरी चढायची नाही, वकिलाची फी नाही. गुन्हेगाराच्या तळपायांवर फटके मारीत, त्यावरून लोक त्याला ‘पत्री सरकार’ म्हणू लागले. ही शिक्षा फार क्रूर होती, आणि प्रतिसरकारचे नाव सांगून काही गुंडांनी आपली पोळी भाजून घेतली, हेही खरे. पूजा बांधताना एवढे तरी प्रामाणिकपणे म्हणायला हवे.

प्रतिसरकारने लग्नेही लावली. त्यांना गांधीविवाह म्हणत. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज काढून जेवणावळी नाहीत. जी. डी. बापूंचे लग्न १९४५ साली कुंडलला असेच झाले. वर भूमिगत, त्याच्यावर वॉरंट, आणि तरी हजारो वऱ्हाडी! आपल्याकडे आजही रुखवतापायी वधूपित्याची झोप उडते, तेव्हा ही गोष्ट वाचताना जरा हेवाच वाटतो.

आता मला ज्यासाठी लिहायचे होते तिकडे येते. हे सरकार राहत होते कुठे? त्याला कचेरी नव्हती, पगारपत्रक नव्हते. ते उसात, डोंगरात, नाहीतर कुणाच्या तरी माळवदावर राहत होते आणि जेवत होते बायकांच्या हातचे.

तुम्हीच हिशेब मांडून पाहा. रात्री दहा माणसे आली, प्रत्येकाला दोन भाकऱ्या म्हणजे वीस. भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ धरले तरी दोन किलो झाले. पिठाची गिरणी सगळीकडे नव्हती. पहाटे जात्यावर बसायचे आणि ओढायचे. धान्य महाग, घरातली तोंडे आहेत तेवढीच आहेत. पुन्हा भलत्या वेळी चूल पेटलेली शेजारणीला दिसू नये, धूर दिसू नये, पोरांच्या तोंडून काही निघू नये. वाटेत दोन दिवस पुरायचे तर साध्या भाकरीचे चालत नाही, ती कडक होते. दुधात पीठ मळून दशम्या करायला हव्यात, पण मग पोरांच्या वाटणीचे दूध त्यात जाते. आणि बुट्टीत भाकऱ्या भरून, वर शेणाच्या गोवऱ्या नाहीतर वैरण ठेवून, रानात निघालेल्या बाईला पोलिसाने हटकले तर? घरातला पुरुष भूमिगत असतो तेव्हा त्याला लपायला रान असते. बाईला मात्र चुलीपाशीच असावे लागते. जप्ती आली की दारात ती, दंड भरायचा की ती, झडतीत मडकी फुटली की तीच. नाना पाटलांचे घर आणि शेत सरकारने जप्त केले होते.

नानांची मुलगी हौसाबाई. आई लहानपणीच गेलेली, बाप सदा भूमिगत, आणि स्वतःच्या पदरी लहान मूल. तरी ती चुलीपुरती राहिली नाही. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका न्यायच्या होत्या. तेव्हा तिने आणि एका कार्यकर्त्याने ठाण्यासमोर नवराबायकोचे भांडण उभे केले. ‘नवऱ्या’ने मारहाण केली, शेवटी डोक्यात घालायला धोंडा उचलला, तेव्हा कुठे पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात सोबत्यांनी बंदुका उचलल्या. बायकोला मारहाण होताना बघत उभे राहण्याची आपली रीत पाहता, पोलीस धावतील की नाही ही धाकधूक तिला असणारच! मार मात्र नाटकातला नव्हता. सोंग वठायचे तर तो खराच बसायला हवा होता.

दुसऱ्या खेपेला ती गोव्यात गेली, म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यात. पणजीच्या तुरुंगात अडकलेल्या बाळ जोशींना ती बहीण म्हणून भेटली, आणि सुटकेच्या बेताची चिठ्ठी तिने अंबाड्यात लपवून नेली. परत येताना मांडवी ओलांडली ती रात्री, लाकडी पेटीच्या आधाराने. अंमळनेरच्या लीलाताई पाटील तर आपल्या पुण्यातल्याच ससून रुग्णालयातून, पहाऱ्यातून निसटल्या आणि साताऱ्याला जाऊन या कामात शिरल्या.

या दोघींची नावे तरी राहिली. बुट्टीवाल्यांचे काय? १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. अट काय, तर निदान सहा महिने तुरुंग. बायकांसाठी पुढे ती तीन महिन्यांवर आणली. भूमिगत असाल तर वॉरंटाचा नाहीतर डोक्यावरच्या बक्षिसाचा कागद हवा. आता मला सांगा, दोन वर्षे भाकऱ्या भाजणाऱ्या बाईच्या नावाचे वॉरंट कोण काढणार? ती पकडली गेली नाही, हीच तिची हुशारी, आणि नेमकी तीच तिच्या आड आली. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही; त्यांच्या डोळ्यांसमोर लढाई म्हणजे बंदूक आणि बेडी एवढेच होते.

हौसाबाई २३ सप्टेंबर २०२१ रोजी गेल्या. त्या वेळच्या सुना-लेकी आता नव्वदीच्या पुढच्या, फार थोड्या उरल्या आहेत. तुमचे माहेर किंवा सासर वाळवा, तासगाव, खानापूर, खटाव, कराड या भागातले असेल, आणि अशी एखादी आजेसासू किंवा चुलतआजी असेल, तर पुढच्या खेपेला तिच्याजवळ घटकाभर बसा. वही-पेन्सिल जवळ असू द्या. ‘तुम्ही स्वातंत्र्याच्या लढ्यात होता का?’ असे मात्र विचारू नका. ‘न्हाई बाई, आमी कसल्या लढ्यात!’ हेच उत्तर यायचे. त्या साली घरात रात्रीच्या भाकऱ्या किती लागायच्या, एवढेच विचारा.